मागच्या खोलीचा पडदा

चुलतभावाने जमीन घेतली की आपलं पोट दुखतं, असं आमच्या देगू शहरात म्हणतात. प्यो गी-थेक यांना चुलतभाऊ नव्हता. पण समोर नामगुंगबाई होत्या.

कॉलनीच्या फाटकाशी घरं विकून देण्याचं प्योसाहेबांचं दुकान सगळ्यात जुनं. कापडगिरणी बंद पडली तेव्हा तिथे हिशेबनीस असलेल्या प्योसाहेबांनी दलालीच्या परवान्याची परीक्षा दिली आणि पहिल्याच फटक्यात पास होऊन इथे पाटी लावली. गिरणीत कापडाच्या जाती असत, तशा त्यांनी गिऱ्हाइकांच्याही पाडल्या होत्या: शाळावाले, नवं जोडपं, गुंतवणूकवाले, म्हातारे. शाळावाल्यांना शाळेचं अंतर सांगायचं, नव्या जोडप्याला स्वयंपाकघर दाखवायचं, म्हाताऱ्यांपुढे लिफ्ट आणि दवाखाना. माणूस उंबऱ्यात दिसला की ते जात ओळखत आणि टेप सुरू होई. बरीच वर्षं ही टेप चालली.

मग नामगुंगबाई आल्या. आधी बाजारात तोंडीलावणी विकायच्या, पन्नाशीत परवाना काढला आणि नाकावर टिच्चून बरोबर समोर दुकान थाटलं. बाई बडबड्या, विसराळू, लोकांच्या किल्ल्या हरवणाऱ्या. तरी त्यांच्या काचेमागे सदा माणसं. प्योसाहेब पेपर वाचल्यासारखं करत आणि पेपराच्या वरून ती मोजत.

"लिंबाचा चहा फुकट मिळतो म्हणून जातात," ते बायकोला म्हणाले.

"मग तुम्हीही पाजा की."

पाजला. माणसं चहा प्यायली, छान झालाय म्हणाली आणि रस्ता ओलांडून समोर गेली.

एक मोक गुरुजी तेवढे त्यांना धरून होते. दुपारी दोघं दुकानात बुद्धिबळ मांडत. बायको गेल्यावर गुरुजींनी मुलाकडे बुसानला जायचं ठरवलं आणि आपला फ्लॅट विकायला फक्त प्योसाहेबांकडे दिला. वसंत सरला, उन्हाळा सरत आला, पण फ्लॅट हलेना. एक दिवस घोडा पुढे सरकवत गुरुजी हळूच म्हणाले, "प्यो, राग मानू नकोस. सुगीच्या छुसक सणापर्यंत नाही विकला गेला, तर समोरही सांगून ठेवतो."

त्या रात्री प्योसाहेबांना जेवण गेलं नाही. गुरुजीही समोर गेले तर राहिलं काय?

आठवड्याने समोरूनच हाक आली. "प्योसाहेब! गुरुजींचं घर दाखवता का? घर तुमचं, माणसं माझी. दलाली ज्याची त्याला!"

धंद्याची रीतच तशी, नाही कसं म्हणणार? पण घर विकलं तरी नाव बाईंचं होणार, हे काट्यासारखं सलत राहिलं.

नेहमीप्रमाणे ते आधीच जाऊन पोचले. दिवे लावले, खिडक्या उघडल्या आणि मागच्या खोलीचा पडदा ओढून घेतला. गुरुजींनी हॉलची बाल्कनी आत घेऊन हॉल ऐसपैस केला होता. पण मागच्या खोलीची बाल्कनी त्यांच्या बायकोने हट्टाने तशीच ठेवली होती. साध्या फरशा, एक नळ, पाणी जायला जाळी. आताच्या काळात कुणाला हवंय असलं? पैठणीला गोणपाटाचं ठिगळ! म्हणून पडदा.

बाईंबरोबर चाळिशीची मुलगी आणि गावाकडून आलेली तिची आई होती. प्योसाहेबांनी मुलीलाच गाठलं.

"मॅडम, मुलं कितवीत?"

"एकच आहे. आठवीत."

शाळावाले! टेप सुरू झाली. "शाळा हाकेच्या अंतरावर. क्लासेस मागच्याच रस्त्याला. आणि हॉल बघा हा! बाल्कनी आत घेतलीय. मुलगा फुटबॉल खेळेल."

"आत घेतली?" आजी पहिल्यांदाच बोलल्या. "सगळी?"

"सगळी, आजी! वीतभरसुद्धा सोडली नाही."

आजी वळल्या आणि दाराशी जाऊन बुटात पाय घालू लागल्या. "चल गं."

"आई, अगं हे चौथं घर! झालं तरी काय?"

नामगुंगबाई त्यांच्याशेजारी वाकल्या. "आजी, गुडघे दुखतात का? लिफ्ट आहे हो."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? माझे रांजण कुठे ठेवू? सासूबाईंपासूनचे आहेत. त्यातलं सोयाबीनचं वाटण मुरायला ऊन लागतं, वारा लागतो. तुमच्या हॉलात काय सोफ्यावर बसवू त्यांना?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! आणि मी तीन घरं तुम्हाला उंचावरून डोंगर दाखवत फिरवलं! आधी नाही का सांगायचं?"

"विचारलं कुणी? गावचं घर विकून पैसे मी घालणार, आणि जो तो विचारतो हिला."

बाईंचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत प्योसाहेब तो पहिल्यांदाच पडलेला बघत होते. त्यांच्या पोटातलं दुखणं एकदम थांबलं. गप्प बसलं की झालं. बाईंचं गिऱ्हाईक हात हलवत परत जाईल, सगळी गल्ली बघेल.

"चला आजी," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "छुसक झाल्यावर पुन्हा शोधू."

छुसक म्हटल्यावर प्योसाहेबांना गुरुजींचा घोडा आठवला. ते मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी पडदा सर्रकन बाजूला केला.

"आजी, जरा इकडे या."

फरशीवर ऊन पसरलं होतं. आजी मोज्यांनीच आत गेल्या, उकिडव्या बसल्या, फरशीवर तळवा टेकला, नळ सोडून पाहिला.

"ऊन कुठपर्यंत असतं?"

"मावळेपर्यंत." ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या उन्हात ठिगळ जास्तच दिसतं म्हणून तर पडदा लागायचा.

नामगुंगबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग प्योसाहेबांकडे.

सौदा झाला. मोक गुरुजींनी प्योसाहेबांच्या पाठीवर थाप मारली. "वा प्यो! फ्लॅट तुझ्याकडचा, माणसं बाईंची. माझ्या मेहुण्याचंही घर विकायचंय. तुम्हा दोघांकडेच पाठवतो त्याला."

दोघांकडे! गुरुजी हातचे गेले नव्हते, पण अर्धे झाले होते.

परतताना बाई म्हणाल्या, "पडद्याचं मी गुरुजींना काही बोलले नाही हं, साहेब. मी तरी कुठे शहाणी? तीन घरं चुकलेच की."

चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. हा समजूतदारपणा सगळ्यात झोंबला. दुकानात येऊन त्यांनी पोट दाबलं.

"आज कुणी घेतली जमीन?" बायकोने औषध पुढे करत विचारलं.

"कुणी नाही. मीच घर विकलं."

"मग दुखतंय कशाला?"

प्योसाहेबांनी गोळी गिळली. काचेपलीकडे समोर आजी बसल्या होत्या, दोन्ही हात पसरून एकेका रांजणाचा घेर दाखवत होत्या. आणि नामगुंगबाई, हातात चहाची किटली तशीच धरून, ओतायचं विसरून ऐकत होत्या.