खिळ्यावरच्या बांगड्या

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत मलिका मणेरणीकडून बांगड्या भरून न घेतलेली बाई सापडायची नाही, आणि तिचा ओरडा न खाल्लेली तर नाहीच नाही. डोक्यावर बांगड्यांची पेटी, खांद्यावर माळा आणि तोंड सदा चालू. माझा हात मांडीवर घेतला की आधी ती तो पोतेरं पिळावं तसा पिळायची. "ढिला सोड की! हात हाय का लाकूड?" मी कळवळले की म्हणायची, "मास्तरीणबाई, पोरास्नी हाणताना बरं दुखत न्हाय." मी शाळेत शिकवत होते हे खरं, पण मी फारशी मारत नसे. फारशी.

मलिकाच्या शेजारच्या घरात धोंडुबाई राहायची. नवरा सयाजी उद्यमनगरातल्या फौंड्रीत कामाला, मुलगी आक्का सहा वर्षांची, धाकटा कृष्णात नुकता चालायला लागलेला. धोंडुबाई गडमुडशिंगीची, अंगानं चांगली भरलेली, आणि ती हसली की गल्लीच्या दोन्ही टोकांना कळायचं. एकाहत्तर साली तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. मिरजेला नेऊन ऑपरेशन करायचं ठरलं. रोगाचं नाव गल्लीत कोणी घेत नसे. "मिरजंचं दुखणं" म्हणायचे, जणू ते तिथूनच पॅसेंजरनं आलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी सगळं अडलं ते बांगड्यांवर. ऑपरेशनला अंगावर काही ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. धोंडुबाई म्हणाली, "मालक समोर धडधाकट बसल्यात आन् मी मोकळ्या हातानं झोपू व्हय तितं? मी जात न्हाय."

सयाजी दिवसभर तापलेलं लोखंड ओतायचा, पण बायकोपुढं त्याचं काही चालत नसे. शेवटी मलिका आली. तिनं धोंडुबाईच्या हाताला साबण चोळून एकेक बांगडी अलगद सोडवली, एकही फुटू दिली नाही. मग मनगटाला हिरवा दोरा बांधला, बांगड्या सुतळीत ओवल्या आणि आपल्या घरी नेऊन भिंतीतल्या खिळ्याला अडकवल्या.

"मोडल्या न्हाईत, काढून ठिवल्यात," ती म्हणाली. "तुझा हात भरलेलाच हाय. येऊन घालायच्या."

"आन् पोरं?"

"ती बी खिळ्याला अडकवतो. जा तू."

पोरं मलिकाच्या घरी गेली. तिची स्वतःची तीन होतीच, त्यात ही दोन. धोंडुबाईच्या घरात सोमवारी मटण शिजत नसे, म्हणून मलिकाच्या घरातही ते बंद झालं. तिचा नवरा इकबाल सायकली दुरुस्त करायचा, गरीब माणूस. तो आमच्या दारात येऊन विचारायचा, "बाई, हा सोमवार माझ्या मागं कुठनं लागला ओ?" की आतून मलिकाचा आवाज यायचा, "पोरं आमटी खात्यात, तुला काय धाड भरलीया?" आक्काच्या वेण्या तेवढ्या माझ्याकडं होत्या, कारण मलिका वेणी घालायला बसली की पोरगी बोंब ठोकायची.

धोंडुबाई बरी होऊन आली. मलिकानं सुतळी सोडली, बांगड्या भरल्या आणि धोंडुबाईनं तिला वाकून नमस्कार केला. बांगड्या भरून झाल्या की मणेरणीला नमस्कार करायची आमच्याकडं रीत आहे. आम्ही सगळ्याच करायचो, एवढा ओरडा खाऊनसुद्धा.

दोन वर्षांनी दुखणं परत आलं, या वेळी काखेत. परत मिरज, परत साबण, दोरा आणि खिळा. विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, घेऊन धोंडुबाई आली ती निम्मी होऊन. तिचं मनगट म्हणजे नुसती काडी झाली होती. जुन्या बांगड्या घातल्या असत्या तर हात खाली करताच जमिनीवर पडल्या असत्या.

त्याच संध्याकाळी मलिका बांगड्यांच्या दोन माळा घेऊन माझ्याकडं आली. "मास्तरीण, ह्यात फरक कळतोय?"

एक माळ खिळ्यावरची, अडीचच्या मापाची. दुसरी तसल्याच हिरव्या काचेची, पण सव्वादोनची.

"शेजारी धरल्या तर कळतो," मी म्हटलं.

"शेजारी धरणार कोण? तू तोंड उघडू नगंस म्हंजे झालं."

माझ्या तोंडाबद्दल गल्लीचं मत फारसं चांगलं नव्हतं. पण ती गोष्ट मी खरंच कोणाला सांगितली नाही, घरातली माणसं सोडून.

दुसऱ्या दिवशी मलिकानं धोंडुबाईचा हात मांडीवर घेतला. सव्वादोनच्या बांगड्या त्या हातावरून सहज सरकत होत्या, पण हिनं दात-ओठ खाऊन जोर लावायचं सोंग आणलं. "ढिला सोड की! कोण म्हणतंय गं वाळलीस म्हणून? त्याच बांगड्या, घाम काढला मला." धोंडुबाई हाताकडं बघत राहिली आणि "बराबर बसल्या की," एवढंच म्हणाली. मलिका बाहेर आली ती खासबागेत कुस्ती मारल्याच्या थाटात.

पंच्याहत्तर साली दुखण्यानं तिसऱ्यांदा डोकं वर काढलं. त्याला लाज म्हणून नव्हती. या वेळी मात्र धोंडुबाईनं मिरजेला जायचं साफ नाकारलं. "दोनदा जाऊन आलो. आता हाय तेवढं दिस पोरांजवळ ऱ्हातो. तिकडंच काय बरंवाईट झालं तर ह्यास्नी कोण बघणार?" सयाजी रडला. तिचे भाऊ गडमुडशिंगीहून येऊन ओरडून गेले. मी शिकलेली म्हणून मग मला पुढं केलं. मी चांगलं तासभर बोलले. धोंडुबाई म्हणाली, "बाई, घसा दुखंल तुमचा."

मग मलिका आली. साबणाची वडी घेऊन ती धोंडुबाईच्या उंबऱ्यावर बसून राहिली. दुपारी तिथंच कृष्णातला जेवू घातलं, आक्का शाळेतून आली तिला भाकरी दिली, आणि परत येऊन बसली. दिवस कलला तशी धोंडुबाई तिच्याकडं बघत राहिली, मग आपल्या मनगटाकडं. आणि हात पुढं करून म्हणाली, "काढ."

तिचं मन कशानं बदललं ते आम्हाला कळलं नाही. माझ्या भाषणाचा तो परिणाम असावा, असं मी बरेच दिवस धरून चालले होते.

ती उपचारांची ये-जा वर्षभर चालली. सगळं आटोपल्याशिवाय बांगड्या भरायच्या नाहीत, असं धोंडुबाईनंच ठरवलं होतं, त्यामुळे मनगटावर हिरवा दोरा आणि बांगड्या खिळ्यावर. हळूहळू तिला भाकरी गोड लागू लागली. सयाजी रोज पहाटे गंगावेशीत जाऊन म्हशीचं समोर पिळलेलं दूध आणायचा. तिचे गाल वर आले. डॉक्टरांनी सांगितलं, आता सहा महिन्यांनी या. त्या दिवशी गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका तिच्या बाहेरच्या सोप्यात जमल्या.

मलिका खिळ्यावरची माळ घेऊन आली. आपलंच खोटं तिला इतकं अंगवळणी पडलं होतं की ती माळ कुठल्या मापाची हे आनंदाच्या भरात तिच्या ध्यानातच राहिलं नाही. पहिली बांगडी अंगठ्यापाशी अडली. दाबून पाहिलं, पिळून पाहिलं, तेल लावलं. जाईना.

"हात सुजलाय," मलिका म्हणाली.

"सुजलाय व्हय?" धोंडुबाई म्हणाली. "माझ्याच न्हवं ह्या? पैल्यापासनं हाईत त्याच?"

"त्याच की."

"मग आता का बसंनात?"

मलिकाची फजिती बघून मला मजा वाटत होती. ती माझ्याकडं बघायला लागली. मी आढ्याकडं.

"जा, माझ्या खऱ्या घिऊन ये," धोंडुबाई म्हणाली. "टाकल्या नसशील तू."

मलिका मुकाट उठली. ट्रंकेच्या तळाशी, आपल्या लग्नातल्या ओढणीत तिनं ती जुनी माळ गुंडाळून ठेवली होती. ती घेऊन आली आणि खाली मान घालून म्हणाली, "कवा कळलं तुला?"

"त्याच दिवशी. ज्येचा हात त्येला कळत न्हाय व्हय? म्हटलं, माझं मन मोडू ने म्हणून घाम गाळायचं सोंग करती, करू दे. मग तिसऱ्या बारीला तू उंबऱ्यावर बसलीस आन् मला वाटलं, एवढं जीव तोडून खोटं बोलणारी बाई माझी पोरं उघड्यावर टाकायची न्हाय. म्हणून गेलतो मिरजंला. पोरं तुझ्यापाशी हुती म्हणून."

मलिकाच्या डोळ्यांतलं पाणी टपटप बांगड्यांवर पडत होतं. माझ्याही आलं. फार नाही. तिनं धोंडुबाईचा हात मांडीवर घेतला आणि जुन्या बांगड्या एकेक करून चढवल्या. जराशा सैल होत्या, पण मनगटावर थांबल्या. शेवटची घालताना मलिकाला समोरचं काही दिसत नव्हतं, तरी ती ओरडलीच, "ढिला सोड की! हात हाय का लाकूड?"