जाळी कुठं बांधलीय?

नारपोलीतल्या आमच्या विजेच्या पॅनलच्या कारखान्यात विजेला सगळ्यांत जास्त घाबरत ते मिस्त्रीकाका, आणि तेच काम त्यांनी जन्मभर केलं. बंद पॅनलचं दारही ते सरळ उघडत नसत. आधी टेस्टर, मग हाताची उलटी बाजू दाराला टेकवून पाहणं, मगच कडी. वायरमन त्यांना 'अर्थिंगबाबा' म्हणत. "म्हनू दे," काका म्हणत, "घाबरतो म्हनून जिता हाय."

त्यांच्या खिशात पॉलिश पेपरचा तुकडा कायम असे. अर्थिंगची वायर जिथे बोल्टने बसवायची, तिथला रंग ते पत्रा चमकेपर्यंत घासत. पॅनलांचं डिझाइन माझ्याकडे होतं. नव्याकोऱ्या रंगावरचा तो ओरखडा मला फार खुपायचा.

"काका, दिसतं ते."

"दिसू दे, बाय. रंगावर बांधलेली वायर नुसती टांगलेली. येळ आली की करंट तिच्यातून जानार न्हाय, मानसातून जाईल."

दुसरा त्यांचा ध्यास जाळीचा. सिग्नलच्या केबलवर तांब्याची बारीक जाळी असते. शेजारून जाणाऱ्या मोटरच्या केबलची गडबड सिग्नलमध्ये शिरू नये म्हणून ती पॅनलच्या पत्र्याला क्लँपखाली घट्ट धरावी लागते. कुठल्याही पॅनलसमोर काकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "जाळी कुठं बांधलीय?"

एकदा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी काका महिनाभर रजेवर गेले. क्लँपांची ती रांग मला बेढब वाटायची, वेळही खायची. मी वायरमनना सांगितलं, जाळी कापा आणि वर टेप गुंडाळा. पॅनल देखणे झाले, तपासणीत चाललेही.

काका कामावर परतले त्याच आठवड्यात धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यातून फोन आला. तिथे हजारभर धागे मोठ्या रुळावर गुंडाळणारं मशीन होतं, पॅनल आमच्याकडचा. धागा तुटल्यावर मशीन थांबलं, हनीफ नावाचा कारागीर आत वाकून गाठ मारत होता आणि रूळ आपोआप फिरला. त्याची बाही आत गेली, फाटली, म्हणून हात वाचला.

"पाय लागला असेल त्याचा चालू करायच्या पॅडलला," आम्ही दोघं पोहोचताच मालक म्हणाला.

"चाचा, मैंने पैडल छुआ भी नहीं," हनीफ काकांना म्हणाला. फाटलेली बाही त्याने अजून मुठीत धरली होती.

काकांनी मालकाकडे पाहिलंच नाही. "कंदी फिरला? बाजूला काय चालू झालं तवा?"

हनीफ आठवू लागला. "बाजूवाली मशीन."

काकांनी सगळ्यांना लांब उभं केलं आणि शेजारचं मशीन चालू करायला लावलं. आमच्या समोरचं मशीन थांबलेलं होतं, वीज तेवढी चालू. तरी रूळ हलला. हळूच, झोपेत कुणी कूस बदलावी तसा. काका रजेवर असताना बनलेला तो पॅनल माझा होता.

काकांनी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि पॅनल उघडला. पॅडलकडून येणाऱ्या सिग्नल केबलच्या टोकाला काळी टेप नीटनेटकी गुंडाळलेली होती. त्यांनी ती सोलली. कापलेल्या जाळीकडे बराच वेळ पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पकड दे."

संध्याकाळपर्यंत आम्ही नवी केबल सोलून जाळी क्लँपखाली धरली, रंग घासून दाराला अर्थिंग दिलं, मोटरची केबल लांबून नेली. मग पुन्हा सगळे लांब. शेजारचं मशीन दहा वेळा चालू-बंद केलं. रूळ हलला नाही. हनीफ तरी जवळ येईना.

"डर तो लगेगा, चाचा."

"लागू दे. आत वाकायचं तर आधी मेन बंद. सेठ काय बोलला तर माझं नाव सांग."

परतताना शेअर रिक्षा नाक्यावर गर्दीत अडकली. काकांनी विचारलं, "असे पॅनल अजून किती गेले?"

"हा एकच," मी म्हणाले.

काका म्हणाले, "खारबावला आमच्या पंपाचा पॅनल मीच बांधला होता. अर्थिंगची वायर उद्या लावू म्हनलो. सकाळी थोरला भाऊ मोटर चालू करायला गेला, तो तिथंच चिकटला." बाहेर बघत एवढंच म्हणाले, "करंटला न्हाय घाबरत, बाय. माझ्या हाताला घाबरतो."

"सहा आहेत, काका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हणाले, "अजून सहा."

त्यांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारली. "थांबव. उतर, बाय. फोन लाव. मशीनं बंद ठेवा म्हन, आत्ता."

हॉर्नच्या कल्लोळात, एका कानात बोट घालून, मी सहा ठिकाणी फोन केले. दोघांनी शिव्या दिल्या. पाचव्या कारखान्यातला सुपरवायझर म्हणाला, "आमचे कामगार आठवडाभर तेच सांगतायत, मॅडम, मशीन आपोआप हलतं. आम्हाला वाटलं कामचुकारपणा करतात." काका शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या वहीतल्या यादीतलं पुढचं नाव दाखवलं.

सहाही पॅनल आम्ही दोघांनी मिळून दुरुस्त केले. वर्षभरात काकांची नजर फारच अधू झाली आणि त्यांनी स्वतःहून काम सोडलं. मागच्या थंडीत ते गेले. जाळी कापायला कुणी सांगितलं होतं, हे ते वायरमन सोडले तर त्यांनी कारखान्यात कधीच कुणाला कळू दिलं नाही.

आता नवा वायरमन आला की पहिल्याच दिवशी ते मीच सांगते. सांगताना आवाज कापतो. कापू देते.