कोंडामावशींनी बसवलेला माळ

कोंडामावशी आल्या माणसाला आधी रामराम घालत नसत. हातात लोकर देत. नुकतीच कातरलेली, काड्याकुड्यांसकट. सिद्धेश्वर धरणाजवळच्या माळावर दर हिवाळ्यात कलेची जत्रा भरते. तिथे व्यासपीठ नसतं, खुर्च्या नसतात, येणाऱ्या प्रत्येकानं काहीतरी करायचं असतं. जत्रेच्या तोंडाशीच पुसेगावच्या या धनगर मावशी घोंगडं अंथरून बसत. एकदा कडक इस्त्रीतले एक साहेब "मी फक्त बघायला आलोय" म्हणाले. मावशी म्हणाल्या, "बघायला लोकं लगनात जातात. इथं बसा आन् पिंजा." साहेब निमूट पिंजू लागले.

बदली होऊन आम्ही हिंगोलीत आलो, तेव्हा आमची इरा पाच वर्षांची होती. गाव बदललं आणि पोरीनं घराबाहेर तोंड उघडणंच बंद केलं. शाळेत नाही, दुकानात नाही, शेजारीपाजारी नाही. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. धीर धरणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी तिला जत्रेत घेऊन गेले. तेही कोरा करकरीत पांढरा फ्रॉक घालून.

फ्रॉक पाहून मावशींनी कपाळाला हात लावला. "लेकराला नवं काहून घातलं? आता ते दिसभर फराकच सांभाळून ऱ्हाईल!" मग चौकशी सुरू. पाणी आणलं का, लेकरू जेवलं का, ढोलाला भितं का? "भ्यालं तर लांब बसवा, पर लगेच घरी पळवू नका. त्याचं त्याला जवळ येऊ द्या."

इरानं मातीचा बैल केला. त्याला तीन शिंगं होती. मी एक काढायला गेले, तर मावशी म्हणाल्या, "बैल तुमचा हाय का तिचा?"

"तिचा."

"मंग तुमी तुमचा करा."

मी केला. तो बैल आहे हे मला सगळ्यांना सांगावं लागलं.

एवढ्यात ढोल सुरू झाले आणि सगळे रिंगणात उतरले. त्या रेट्यात इराचा चिखलानं निसरडा झालेला हात माझ्या हातातून सुटला. मागे वळले तर पोरगी नाही. माळाच्या पलीकडे धरणाचं पाणी. बरोबर आलेला नवरा तिकडे धावला. मी मावशींकडे धावले. "मावशी, इरा दिसत नाही! आणि हाक मारली तरी ती ओ देणार नाही हो!"

मावशींनी काठी उंच केली. ढोल थांबले. "लेकरू चुकलंय! समदे खाली बसा. कुनी हलू नका, कुनी वरडू नका!"

सगळा माळ बसला. नाचणारे बसले, जत्रेसाठी उभारलेली मातीची भिंत रंगवणाऱ्या तांड्यावरच्या बाया ब्रश हातात धरून बसल्या. सगळ्यांबरोबर मीही बसले. पण उभं मूल कुठंच दिसेना. सगळे बसले तशी तीही कुठेतरी बसली असणार, किंवा... पुढचं माझ्यानं मनातही म्हणवेना.

"तू काहून बसली?" मावशी माझ्यावर खेकसल्या. "ऊठ! कळपातलं पिल्लू चुकलं की आमी मेंढरं बसवतो आन् त्याची माय तेवढी उभी ठेवतो. तू तिला हुडकू नको, माय. तिला तू दिसू दे."

मी उभी राहिले. सगळ्या माळावर मी एकटी. तेवढ्यात भिंतीजवळच्या बायांच्या मागून आवाज आला, "आई!"

एवढ्या परक्या माणसांसमोर, खणखणीत. मी पळत जाऊन तिला उचललं आणि लाजलज्जा सोडून रडले. मावशी काठी टेकत आल्या. "बोलत न्हाई म्हनली व्हतीस ना? ढोलावानी आवाज हाय की पोरीचा!"

इरा दुसऱ्या दिवसापासून बोलू लागली असं झालं नाही. वेळ लागला. पण ती कधी बोलणारच नाही ही माझ्या उरावरची धोंड त्या दुपारीच उतरली.

मावशी आता नाहीत. नव्यानं येणाऱ्या कुटुंबांना मात्र आत शिरतानाच सांगतात: ढोल मध्येच थांबले तर बसून घ्या, ज्याचं लेकरू, त्यानंच उभं राहायचं. गेल्या हिवाळ्यात ढोल थांबले. इरा आणि मी बसलो. गर्दीत एक तरुण बाप उभा होता, पांढराफटक पडलेला. मीही श्वास धरून होते. मग कुठूनशी "पप्पा" अशी एक बारीक हाक ऐकू आली, आणि एवढ्या बसलेल्या माणसांनी एकदम सोडलेला श्वास मी कानांनी ऐकला.