पाठवणीचा शॉट

माझ्या साडूंनी जन्मात एकही गोष्ट नुसती पाहिलेली नाही. आधी ती नीट उभी केली आणि मगच पाहिली. कमरीपेठेत त्यांचा लग्नाचे व्हिडिओ काढण्याचा स्टुडिओ आहे, पण कॅमेरा हातात नसला तरी त्यांचं काम चालूच असतं. माझ्या घरी चहाला आले की कपाला हात लावण्याआधी मला खुर्चीसकट हलवतात. "अण्णा, तुमच्या डोक्यातनं ट्यूबलाइट उगवलीय बघा. स्वल्प डावीकडं सरका की." मी सरकतो. मग खिडकीचा उजेड एकाच गालावर पडतो म्हणून पुन्हा सरकतो. दिवसभर दाजीबानपेठेतल्या दुकानात कापडाची ठाणं उलगडून आणि घड्या घालून कंबर मोडलेली असते, घरी येऊन टेकावं तर हे. इतकी वर्षं सरकून सरकून मी पार थकलो आहे, पण नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं.

त्यांच्याबरोबर बाहेर जाणं म्हणजे तर शिक्षाच. चेहऱ्यावर उजेड पाडायचा थर्माकोलचा पांढरा तक्ता हमखास माझ्या गळ्यात पडतो. कलघटगीला ओळखीच्या एका घरी नव्या ट्रॅक्टरची पूजा होती. भटजींनी नारळ उचलला आणि साडूंनी हात वर केला, "निल्रि, निल्रि! थांबा!" मालकाच्या टोपीमागं विजेचा खांब येत होता. खांब हलवता येईना म्हणून ट्रॅक्टर हलवला, तर तिकडं मालकाच्या तोंडावर चिंचेची सावली. सावली सरेपर्यंत थांबलो, तोवर मागं एक म्हैस येऊन उभी राहिली, आणि ती काही साडूंचं ऐकणारी नव्हती. भटजींना दुसरीकडं वास्तुशांत होती. ते नारळ मालकाच्या हातात देऊन निघून गेले. मी आपला भर उन्हात तक्ता धरून उभा. एवढं होऊन व्हिडिओ मात्र असा देखणा आला की मालक येईल-जाईल त्याला तो दाखवत सुटले.

माझी थोरली मेहुणी, म्हणजे साडूंची बायको, गेली त्या दिवशी मात्र त्यांनी कुणालाच सरकायला सांगितलं नाही. भिंतीला टेकून बसून राहिले. तेव्हापासून घरात ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. ती स्वयंपाक उरकून स्टुडिओत एडिटिंगला बसायची, आणि बापाला दटावायची हिंमत तिच्या एकटीचीच. तिचं सोलापूरच्या मुलाशी लग्न ठरलं तसे साडू बोलायचे कमी झाले. ती गेल्यावर त्या घरात करायचं काय, हे त्यांना सुचत नव्हतं, आणि आम्ही विषय काढला की ते मांडवाच्या रंगाबद्दल बोलत. मुलीनं एकच अट घातली, "अप्पा, त्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. माझ्या शेजारी उभं राहायचं."

अट त्यांनी पाळली. धारवाडचा एक कॅमेरावाला ठरवला. कन्यादानात हातावर पाण्याची धार चालू असताना भटजींना हळूच "कलश जरा खाली धरा" म्हणाले, त्यापलीकडं काही नाही. पाठवणीला मात्र बांध फुटला. मुलगी पाया पडून गाडीत बसली, दार लागलं, आणि कार्यालयाच्या पायरीवरून आवाज आला, "निल्रि! मागं जनरेटर आलाय. परत एकदा." ती उतरली, पायरीपाशी आली, पुन्हा पाया पडून गाडीत बसली. मग ऊन डोळ्यांवर येत होतं. ती पुन्हा उतरली, पाया पडून पुन्हा बसली. नवऱ्याकडची मंडळी आधी हसली, मग घड्याळं बघायला लागली. उजेड आहे तोवर त्यांना वाटेतलं विजयपूर गाठायचं होतं. माझी बायको चिडली, "दाजी, पाठवणीला निघालेल्या पोरीला असं परत परत उतरवतात काय ओ? बरं नसतंय ते!" साडूंच्या कानावर काही जात नव्हतं. "पदर उडाला वाऱ्यानं. परत एकदा. शेवटचं."

त्यांना आवरायला मी पुढं झालो आणि पाहिलं, तर कॅमेरावाल्यानं कॅमेरा बंद करून पिशवीत घातला होता. साडू त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि त्यांना ते दिसलं नव्हतं. मुलीनंही गाडीच्या काचेतून ती पिशवी पाहिली. दार उघडून उतरली, निऱ्या सावरत पायरीपर्यंत आली, या खेपेला पाया न पडता त्यांच्या गळ्यात पडली, आणि म्हणाली, "आता आला का अप्पा, शॉट बरोबर?"

"आला," साडू म्हणाले. "जा आता. उशीर होतोय."

त्या लग्नाच्या व्हिडिओत तीन पाठवण्या आहेत. साडू संध्याकाळी एकटेच तो लावून बसतात. कधी दुकान बंद केल्यावर मीही शेजारी जाऊन टेकतो. शेवटची पाठवणी त्यात नाही. ती कुठं गेली, असं त्यांनी मला अजून विचारलेलं नाही.