अंगठ्यांचा कागद

परवा रायपूरच्या पंडरी बाजारात कापडवाल्याने बिलावर शिक्का मारायला स्टॅम्प पॅड उघडलं आणि त्या शाईच्या वासाने मी थेट बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या जुन्या खोलीत जाऊन पोचले.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. महाराष्ट्राच्या सीमेला चिकटलेल्या आमच्या गावाहून मोठे काका आले होते. सारं गाव मराठी बोलणारं. ते जागचं हललं नाही, राज्यंच बदलत गेली. शाळेतले मराठीचे गुरुजी रिटायर झाले होते आणि नवे कोणी येईनात. काकांनी पिशवीतून कागद काढला. खाली गावभरच्या अंगठ्यांचे निळे ठसे, वर सगळं कोरं.

"तू कॉलेजात शिकते. अर्ज तूच लिही वं, हिंदीत. मराठी तिथं कोण वाचते?"

मी शब्द निवडून निवडून लिहिलं.

शिक्षण खात्याच्या कचेरीत साहेबांनी अर्ज कौतुकाने वाचला. "किसने लिखा?"

"मैंने, सर."

"गाँव की ही बिटिया हो?"

"हव," मी फुशारून म्हणाले.

"इतनी साफ हिंदी! फिर मराठी मास्टर काहे को चाहिए?"

उत्तर द्यायचं तेही हिंदीतच, आणि जितकं चांगलं बोलावं तितकं आणखी अडकायचं. काका नुसतेच हात जोडून उभे होते.

जिना उतरताना ते म्हणाले, "लय चांगलं लिहिलं पोरी तू."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.