पिशव्यांची लाइन

घाटकोपरच्या आमच्या रेशन दुकानापुढे उभं राहून पाय दुखायचे, पण तोंड कधी दुखलं नाही! माल येईपर्यंत करायचं काय? गप्पा. किस्से असे साठत गेले की डब्यात गहू कमी आणि डोक्यात किस्से जास्त. माझ्या घरी बोलायला कोणी नाही. मालक वारले, लेक सुनेला आणि नातवाला घेऊन बोरिवलीला गेला. माझं बोलणं होतं ते तिथेच, लाइनीत.

* * *

आमचा नियम साधा. सकाळी पिशवी लाइनीत ठेवायची, दगड ठेवायचा आणि घरची कामं उरकायची. पिशवी म्हणजे माणूस!

एकदा नव्या बिल्डिंगमधला ब्यांकेतला साहेब थेट पुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, "इथे तर कोणीच नाही."

साताऱ्याकडची आमची हिराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही निळी पिशवी माझी सासू आहे. पाया पड आणि मागं जा!"

साहेब गेला की हो मागे!

* * *

ह्या हिराबाईचा भाऊ गावाकडे ऊस लावायचा. दिवाळीला बहिणीकडे आला. मी म्हटलं, "बरं आहे बाबा, कायदा तुमच्याच बाजूचा. दिल्लीत बसून तुमच्या उसाचा भाव ठरवतात."

"भाव ठरतो हो मावशी," तो म्हणाला, "पण गावच्या दुकानात साखर पोचत नाही."

परत जाताना त्याच्या ट्रंकेत काय होतं? हिराबाईच्या कार्डावरची साखर!

* * *

गहू यायचा पंजाबचा. सरकार तिकडच्या शेतकऱ्याकडून घेणार, गाडीत भरणार आणि आमच्या पिशवीत ओतणार. एकदा निवडताना हिरव्या बांगडीचा तुकडा सापडला.

दुसऱ्या दिवशी लाइनीत दाखवला. मालवणची पार्वती, तिचा नवरा गिरणीच्या संपानंतर घरीच बसलेला, तुकडा हातात घेऊन म्हणाली, "गो बाय, तिचो हात नाय मां कापलो?"

कोण कुठली बाई! पण हिराबाईने, पार्वतीने आणि मी, तिघींनी तो तुकडा आळीपाळीने उजेडात धरून बघितला. तुकडा मी फेकला नाही. देवाजवळ ठेवलाय.

* * *

मग कार्ड तपासायला रेशनिंगचा माणूस घरी आला. पंख्याखाली बसला, पाणी प्याला.

"आजी, कार्डावर पाच नावं. घरात किती माणसं?"

मी म्हटलं, "आत्ता तुम्हाला धरून दोन!"

तो हसला नाही. चार नावांवर रेघ मारली आणि उठला. म्हटलं, "चहा तरी घ्या." म्हणाला, "अजून बरीच घरं आहेत." तो गेल्यावर राहिली एक.

* * *

लेकाला कळलं. रविवारी आला, उभ्या उभ्याच म्हणाला, "आई, एकटीच्या साखरेसाठी कशाला तिष्ठत बसतेस? वाण्याला सांगितलंय, माल घरपोच येईल. लाइन बंद!"

"अरे, तिथे माणसं भेटतात."

"माणसं काय, कुठेही भेटतात."

माल आला. गहू निवडलेला, साखर पांढरीशुभ्र. खडा नाही, काडी नाही, कोणाची बांगडी नाही. दार लावलं की घर गप्प. कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटायचं, कोणीतरी हाक मारली म्हणून.

असे दोन आठवडे काढले. मग एका सोमवारी सकाळी उठले, पिशवी घेतली आणि दुकानावर गेले. शटर खाली. सोमवार सुट्टीचा, हे काय मला ठाऊक नाही? पायरीसमोर पिशवी ठेवली, तिच्यावर दगड ठेवला आणि बाजूला बसले.

थोड्या वेळाने हिराबाई भाजी घेऊन चालली होती. थांबली. शटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आज सोमवार ना गं?"

"हो."

तिने भाजी पदरात घेतली, रिकामी पिशवी माझ्या पिशवीमागे ठेवली आणि वर दगड ठेवला.

"सरक जरा," म्हणाली. "पार्वती पण येतेय."