कावळा शिवेना

वडिलांच्या दहाव्याला कावळा शिवेना. बारवी धरणाच्या काठी, गावच्या आमच्या घराखालीच पिंड मांडला होता. ऐनाच्या झाडावर कावळे ओळीने बसलेले, पण एकही खाली उतरेना. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. मग एकेकाने पुढे होऊन त्याला वचन द्यायचं. थोरला भाऊ म्हणाला, "बाबा, शेत विकणार नाही." धाकटा म्हणाला, "वर्षश्राद्ध इथेच करू." कावळे ढिम्म.

इच्छा काय होती ते मला ठाऊक होतं. उल्हासनगरच्या दवाखान्यात वडिलांनी माझा हात धरून सांगितलं होतं, "ते घर आत्याचं. भावांना सांग." आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. नवऱ्याने टाकल्यापासून ती त्याच घरात राहत होती. मी कुणाला सांगितलं नाही. भाऊ ते घर फार्महाऊसवाल्याला विकायला निघाले होते आणि त्यात माझाही वाटा होता.

वडील त्या झाडाखाली उभे आहेत आणि फक्त माझ्याकडे बघताहेत, असं वाटत होतं. तरी मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले.

भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेवढ्यात आत्या उठली. तिला वाट द्यायला आम्ही सगळे मागे सरलो. पिंडापुढे हात जोडून ती म्हणाली, "दादा, मना नको घर. पोरांच्या मनासारखं होऊं दे. तू जेव." ती मागे फिरली आणि कावळा झपकन उतरला.

"बघ, बाबांचा जीव यातच अडकला होता," थोरला डोळे पुसत म्हणाला. त्याला ते खरंच वाटलं असावं. मला नाही वाटलं, पण मी मान डोलावली. पुढे आत्याने हक्कसोडपत्रावर अंगठा उठवला.

आता ती बदलापूरला माझ्याकडे असते. "आत्याला सांभाळतेस, केवढं मोठं मन," असं शेजारणी म्हणतात, आणि मी निर्लज्जासारखी तेही ऐकून घेते. आत्या रोज सकाळी स्वयंपाकघराच्या ग्रिलवर भात ठेवते. कावळा रोज येतो, अगदी तिच्या हाताजवळून खाऊन जातो.

परवा त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "शेवटाला तूच व्हतीस दादाजवळ. मी घर सोडावं, हेच व्हतं का गं त्याच्या मनात?"

मी भाजी चिरत होते. मान वर न करता मी "हो" म्हणाले.